सुरी सुधारली, माप केव्हा सुधारणार?

लठ्ठपणा हा सुखवस्तूंचा रोग, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. दुष्काळाचे चटके सोसलेल्या वसमतसारख्या गावात ती मुरावी, यात नवल नाही. चरकसंहितेने अतिस्थूल मनुष्य आठ निंदितांत गणला. पण त्याच अध्यायात त्याच्यावरील उपचारही सांगितले. समाजाने निंदा तेवढी लक्षात ठेवली.

या रोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास उण्यापुऱ्या सत्तर वर्षांचा आहे. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजने उतरली, परंतु पुढे रोग्यांची यकृते बिघडली, मूत्रपिंडांत खडे झाले. अखेर ती पद्धत सोडावी लागली. १९६७ साली आयोवाच्या मेसन व इतो यांनी जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याचा मार्ग मांडला. १९९४ साली हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे जठराचा बराच भाग काढून त्याची नळी करण्याची पद्धत रूढ झाली. यांपैकी कोणतीही जादू नव्हे. जीवनसत्त्वे, लोह आणि तपासण्या जन्मभर सांभाळाव्या लागतात.

सुरी अशी अनुभवाने सुधारत गेली. ती कोणावर चालवावी, हे ठरविणारे माप मात्र वेगळ्या वाटेने आले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा म्हणजे बीएमआय. १९९१ साली अमेरिकी परिषदेने मर्यादा घातली: चाळीस, किंवा गंभीर व्याधी असल्यास पस्तीस.

हे माप आपल्या देहाला कितपत लागू पडते, हे पुण्यातील संशोधनाने दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपली बालके स्नायूंनी रोड, पण चरबी राखून असलेली. म्हणजे आईच्या उपासमारीचा हिशेब लेकराच्या मधुमेहात निघू शकतो. मग हा रोग केवळ सुखवस्तूंचा कसा?

२००९ साली भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५ आणि व्याधी असल्यास ३२.५ अशी खाली आणली. तरीही २०१९ साली विमा नियामकाने प्रमाणित अटी घातल्या, त्यांत जुनेच चाळीस आणि पस्तीस राहिले. एकशेसाठ सेंटिमीटर उंचीचा, पंच्याऐंशी किलोचा, मधुमेह आवाक्यात न येणारा कामगार घ्या. तज्ज्ञांच्या मापाने तो शस्त्रक्रियेस पात्र. विम्याच्या अटींनी त्याचा खर्च नाकारता येतो, कारण तेथे वजन सुमारे नव्वद किलो लागते. पैसेवाला पदरचे मोजून मोकळा होतो. कामगाराने रोग आणखी वाढण्याची वाट पाहावयाची काय? २०२२ साली अमेरिकेच्या व जागतिक शल्यविशारद संघटनांनीही १९९१ ची रेषा मोडून पस्तीस आणि तीसवर आणली.

मोंढ्यात हळदीचा काटा होताना शेतकरी नजर हलवीत नाही. आम्हां संघटनेच्या माणसांनीही गटविम्याचा करार करताना बोनस-भत्त्याइतक्याच बारकाईने हे कलम वाचले पाहिजे, आणि माप बदलून मागितले पाहिजे.