दाराची कडी कुणाच्या हाती?

संगणकावर आपण काही वाचत असतो, लिहीत असतो आणि मध्येच एक चौकट टपकते. तिला काहीतरी विकायचं असतं. ती बंद करावी, तर दुसरी हजर. या आगंतुक चौकटीला ‘पॉप-अप’ म्हणतात. तिचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. पण घर कुणाचं आणि दाराची कडी कुणाच्या हाती, हा जुनाच प्रश्न त्यात नव्यानं उभा राहतो.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’च्या पानावर ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीची जाहिरातपट्टी झळकली. इंटरनेटवरच्या जाहिरातपट्ट्यांची सुरुवात तिच्यापासून मानतात. ती पट्टी मात्र पानातच गुमान बसलेली असे, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखी. वाचणाऱ्यानं वाचावी, नाहीतर पान उलटावं.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउन गावी ‘ट्रायपॉड’ नावाची कंपनी लोकांना स्वतःची पानं फुकट मांडू देत असे. खर्च जाहिरातींतून निघे. एकदा एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नेमकी एका अश्लील पानावर जाऊन बसली आणि कंपनी संतापली. त्यावर तोड म्हणून ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन यांनी एक आज्ञावली लिहिली. पान एका खिडकीत, जाहिरात दुसऱ्या खिडकीत! म्हणजे दोघांचा एकमेकांशी संबंध दिसायला नको. हेतू वाईट नव्हता; पण या खिडक्यांचं पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. २०१४ साली ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून झुकरमन यांनी जगाची माफी मागितली.

या खिडक्यांवर उपाय निघाला तो ब्राउझरमध्येच, म्हणजे इंटरनेटची पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. तर्क साधा होता. वाचणाऱ्यानं स्वतः क्लिक केलं तर नवी खिडकी उघडायची, पान आपल्या मनानं उघडू पाहील तर नाही. २००२ सालच्या मोझिलामध्ये ही सोय होती, २००३मध्ये गूगलच्या टूलबारनंही ती दिली.

पण त्याच सुमाराला एक वेगळीच चौकट घरोघरी येऊ लागली. ब्राउझर बंद असला तरी ती यायची. करडा रंग, माथ्यावर ‘मेसेंजर सर्व्हिस’ असे शब्द आणि खाली ‘ओके’चं एकच बटण. नको म्हणायची सोयच नाही!

आमच्याकडे तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेम आधी शीळ घालायचा, मग खरखरायचा. तेवढा वेळ घरचा फोन बंद आणि बिलाचं मीटर चालू. अशात एखादी ओळ जुळत आली की ही करडी चौकट मध्ये उभी. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाची पदवी घ्या, परीक्षेची गरज नाही! मी तर बी.ए. होण्यासाठी रीतसर वर्षं घालवलेली. चौकट गेली तरी मोडलेली ओळ काही पुन्हा जुळायची नाही.

ही चौकट आली कुठून? ती मुळात जाहिरातीसाठी नव्हतीच. विंडोजच्या एनटी, २००० आणि एक्सपी या आवृत्त्यांत ही सोय कचेऱ्यांसाठी ठेवलेली होती. संगणकखात्याच्या माणसानं ‘नेट सेंड’ अशी आज्ञा द्यायची, की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप उमटायचा : ‘दहा मिनिटांत सर्व्हर बंद होणार आहे, काम जपून ठेवा.’ चार भिंतींच्या आत ही सोय उपयोगाचीच होती. पण तोच एक्सपी घरोघरी गेला, तेव्हा हे कचेरीतलं दारही उघडंच गेलं. घरचा संगणक इंटरनेटला जोडला, की जगातला कुणीही त्या दारातून निरोप टाकू शके. २००२ साली जाहिरातवाल्यांना हे दार सापडलं.

आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा दाराबाहेरून सलाम करतो, आतून जबाब आला की मगच उंबरा ओलांडतो. जबाब आला नाही तर मुकाट परत फिरतो. इथे तर दार वाजवणं नव्हतंच, पाहुणा थेट माजघरात!

खरं म्हणजे हे दार लावणं फुकट होतं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स’, त्यात ‘सर्व्हिसेस’, त्या लांबलचक यादीत ‘मेसेंजर’, आणि तिथे ‘डिसेबल्ड’. कडी प्रत्येक संगणकात होती. पण ती कुठे आहे, हे घरच्या माणसाला कोण सांगणार?

या अज्ञानाचाच मग धंदा झाला. कॅलिफोर्नियातल्या ‘डी स्क्वेअर्ड सोल्युशन्स’ या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नोव्हेंबर २००३मध्ये न्यायालयात दावा लावला. आरोप असा, की ही कंपनी लोकांच्या पडद्यावर वारंवार, कधी कधी दर दहा मिनिटांनी, अशा चौकटी पाठवते. आणि चौकटीत विकायला काय? तर अशा चौकटी थांबवणारं सॉफ्टवेअर! किंमत २५ ते ३० डॉलर. माश्या सोडणारानंच जाळी विकायची, असा हा प्रकार. २००४ साली तडजोड होऊन प्रकरण मिटलं आणि अशा चौकटी पाठवण्याची कंपनीला मनाई झाली.

तरी एका कंपनीला मनाई झाल्यानं दार बंद होत नाही. ते बंद झालं ऑगस्ट २००४मध्ये. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठी ‘सर्व्हिस पॅक २’ आणला. त्यात मेसेंजर सर्व्हिस मुळातच बंद होती, बाहेरून येणारी जोडणी अडवणारी फायरवॉल मुळातच चालू होती आणि इंटरनेट एक्सप्लोररला पॉप-अप अडवण्याची सोय मिळाली होती. पुढच्या ‘व्हिस्टा’त तर ही सर्व्हिस काढूनच टाकली गेली.

मला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कडी तीच होती. फरक पडला तो संगणक घरात येतानाच ती लावलेली होती म्हणून. घरच्या माणसाला यंत्रातलं कळत नाही, असं म्हणून त्याला हसणं सोपं आहे. पण दार उघडं ठेवून घर देणाऱ्यालाही जाब विचारायला हवा.

आज ती करडी चौकट उरलेली नाही, तिची भावंडं मात्र आहेत. संकेतस्थळ विचारतं, ‘सूचना पाठवू का?’ आपण घाईत ‘अलाव’ दाबतो आणि जाहिरातींचा ओघ सुरू होतो. निदान इथे विचारलं तरी जातं! म्हणून नको असेल तर ‘ब्लॉक’ दाबावं. आधी दिलेली परवानगीही ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’खाली काढून घेता येते. आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी चौकट आली, तर फोन मुळीच करू नये. सगळा ब्राउझर बंद करावा; तोही ऐकत नसेल तर टास्क मॅनेजरमधून करावा. २००३ साली माश्या सोडून जाळी विकली गेली, तसाच हाही धंदा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं आज जवळ बसून दाखवावं, कारण फोन करायला तेच घाबरून उठतात.