‘अजून दोन महिने’: पॅन्डोरा नावाचा कन्सोल आणि वाट बघणाऱ्यांचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज वाट बघण्याचा इतिहास. म्हणजे बघा, एखादी वस्तू तुम्ही बुक करता, पैसे भरता, मेल येतो ‘ऑर्डर कन्फर्म झाली’. मग तुम्ही दिवसातून चार वेळा ट्रॅकिंगचं पान उघडता, आणि तिथे तेच ते वाक्य असतं. हे आपल्या सगळ्यांचं झालंय. पण समजा ती वस्तू अजून बनलेलीच नसेल तर? तिचा साचा तयार नसेल, कारखाना ठरलेला नसेल, तर तुम्ही नक्की कशाची वाट बघताय? आणि तुमचे पैसे तोवर काय करतायत?

हाच प्रश्न २००८ साली जगभरातल्या काही हजार लोकांसमोर आला. त्यांनी एक हँडहेल्ड गेमिंग कन्सोल बुक केला होता. नाव होतं पॅन्डोरा.

आधी थोडं मागे जाऊ. १९८९ मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला. एप्रिलमध्ये जपानमध्ये, जुलैच्या शेवटी अमेरिकेत. त्या काळात वाट बघायची म्हणजे दुकानासमोर रांग लावायची. वस्तू बनलेली असायची, खोक्यात भरलेली असायची, फक्त तुमच्या हातात यायची बाकी असायची. रांगेत नंबर लागला नाही तर वाईट वाटायचं, पण पैसे खिशातच असायचे. गेला तर वेळ गेला.

आपल्याकडे वाट बघण्याची वेगळीच तऱ्हा होती. घरात आजोबा असतील तर त्यांना बजाज चेतकबद्दल विचारा. पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी ही स्कूटर १९७२ साली आली. लायसन्स राजच्या काळात किती गाड्या बनवायच्या यावर सरकारची मर्यादा होती, मागणी मात्र त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि थांबायचं. कधी कधी दहा-दहा वर्षं! लग्नाआधी नंबर लावला आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर गाडी दारात आली, असे किस्से घराघरात ऐकायला मिळतात. काही लोक तर नंबर लागलेली गाडी ऑनने विकायचे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चेतक रस्त्यावर धावत होती. शेजारच्या काकांकडे ती दिसत होती. म्हणजे वस्तू खरी होती, फक्त रांग लांब होती.

पॅन्डोराचं तसं नव्हतं.

दुकानदारांनीच ठरवलं, आपणच बनवू

२००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या गेमपार्क होल्डिंग्ज कंपनीने जीपीटूएक्स नावाचा छोटा कन्सोल काढला होता. दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि आत लिनक्स होतं. म्हणजे निन्टेंडो किंवा सोनीची परवानगी न घेता कुणीही त्यावर आपला प्रोग्रॅम चालवू शकत होतं. विक्री फार नव्हती, पण ज्यांनी घेतला ते त्याच्या प्रेमात पडले. ऑनलाइन गप्पांमध्ये मग यादी सुरू झाली: पुढच्या वेळी कीबोर्ड हवा, दोन अॅनालॉग स्टिक हव्यात, टचस्क्रीन हवा, वायफाय हवं.

या मंडळींमध्ये दोन दुकानदार होते. ब्रिटनमधले क्रेग रॉथवेल आणि जर्मनीतले मिखाएल म्रोझेक. दोघेही जीपीटूएक्स विकायचे. त्यांच्यासोबत सर्किट डिझाइन करणारे मायकेल वेस्टन होते, आणखी काही जाणकार होते. त्यांनी ठरवलं, कुणी दुसरं बनवून देईल म्हणून किती दिवस बसायचं? आपणच बनवू.

डिझाइन खरंच भारी होतं. बंद केल्यावर मोठ्या खिशात मावेल असा, उघडल्यावर छोट्या लॅपटॉपसारखा. ८०० बाय ४८० चा टचस्क्रीन, पूर्ण कीबोर्ड, दोन एसडी कार्डांची जागा, ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. आज हे आकडे ऐकून हसू येईल. पण २००८ मध्ये खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी हे मोठं होतं. आयफोनचं अॅप स्टोअर त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झालेलं, एवढा तो जुना काळ!

अडचण एकच होती. पैसे. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या कवचाचा साचा बनवायला बराच खर्च येतो, आणि तो एक कन्सोल बनवा की दहा हजार, आधीच करावा लागतो. चिप बनवणारे सुटे शे-दोनशे नग देत बसत नाहीत. बँकेकडे जाऊन ‘आम्ही चार-पाच जण आहोत, इंटरनेटवर भेटलो, सोनीला टक्कर देणार आहोत’ असं सांगितलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. किकस्टार्टर तेव्हा नव्हतं. ते सुरू झालं एप्रिल २००९ मध्ये.

मग उरला एकच मार्ग. जे घेणार आहेत, त्यांच्याकडूनच आधी पैसे घ्यायचे.

चार हजार लोक

३० सप्टेंबर २००८. बुकिंग उघडलं. पहिली बॅच ४,००० नगांची. किंमत सुमारे ३३० डॉलर, त्या वेळच्या दराने साधारण पंधरा हजार रुपये. पूर्ण रक्कम, आगाऊ.

तारीख नीट बघा. पंधरवड्यापूर्वी, १५ सप्टेंबरला, अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती. जगभरातल्या बँका घाबरून बसल्या होत्या. अशा वेळी एक छोटी कंपनी हजारो लोकांकडून न बनलेल्या वस्तूचे पैसे कार्डावर घेतेय, हे बँकेला पटलं नाही. कार्डावर आलेले पैसे परत करावे लागले. ज्यांना कन्सोल हवाच होता त्यांनी पुन्हा थेट बँकेतून पैसे पाठवले.

इथे जरा थांबू, कारण सगळी गोष्ट या वळणावर आहे. कार्डाने पैसे देताना तुमच्यामागे एक संरक्षण असतं. वस्तू आली नाही तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात. खात्यातून थेट पाठवले की ते गेले. म्हणजे या लोकांनी नकळत आपली भूमिका बदलली. दुकानात शिरताना ते गिऱ्हाईक होते, बाहेर पडताना सावकार झाले. आणि सावकारही कसे? व्याज नाही, तारण नाही, कागद नाही!

दोन महिने

कन्सोल २००८ संपायच्या आत हातात पडेल अशी आशा होती. नाताळ गेला. २००९ उजाडलं. कधी कवचाचा साचा नीट जमेना, कधी अॅनालॉग स्टिकचं अडलं, कधी एखादा सुटा भाग वेळेवर आला नाही. हार्डवेअरचं हेच असतं बघा. सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर रात्री बसून दुरुस्त करता येते. साच्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर साचा पुन्हा तासायचा, नमुना पुन्हा मागवायचा, पुन्हा तपासायचा. प्रत्येक फेरीत आठवडे जातात.

आणि प्रत्येक वेळी अंदाज तोच: अजून दोन महिने. इतक्या वेळा तोच, की ‘दोन महिने’ हा तिथल्या लोकांचा कायमचा विनोद झाला. कधी येणार? दोन महिन्यांत. काल काय म्हणाले? दोन महिन्यांत. परवा?

यात कुणी ठरवून खोटं बोलत होतं असं म्हणायला आधार नाही. बनवणारे प्रत्येक टप्प्याला फक्त समोरची अडचण बघत होते. ही सुटली की झालं, दोन महिने. तिच्यामागे उभी असलेली दुसरी अडचण पहिली सुटेपर्यंत दिसायचीच नाही. घराचं बांधकाम काढलेल्या कुणालाही विचारा, ते मान हलवतील.

पण वाट बघणाऱ्यांनी या काळात एक सुंदर गोष्ट केली. यंत्र हातात नसताना त्यांनी त्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली. कुणी गेम आणायच्या तयारीत होतं, कुणी जुन्या कन्सोलचे एम्युलेटर जुळवत होतं, कुणी मेन्यू बनवत होतं. लग्नघरी वऱ्हाड यायच्या आधीच मांडव घालून ठेवतात ना, अगदी तसं.

शेवटी मे २०१० मध्ये पहिले पॅन्डोरा पोस्टाने निघाले. बुकिंगनंतर सुमारे वीस महिन्यांनी.

पाकीट आलं, पण सगळ्यांकडे नाही

इथे गोड शेवट व्हायला हवा होता. तसं झालं नाही.

सर्किट बोर्ड अमेरिकेत, टेक्सासमध्ये बनत होते. तिथून येणाऱ्या बोर्डांमध्ये सदोष नगांचं प्रमाण जास्त निघालं. चार-चार, दहा-दहा करत कन्सोल बाहेर पडत होते, आणि रांग हजारांची. पैसे मात्र वापरले जात होते. २०११ मध्ये म्रोझेक यांनी उत्पादन जर्मनीत हलवलं, तिथे नवी कंपनी उभी केली. बोर्ड नीट बनू लागले.

पण मग कठीण प्रश्न उभा राहिला. जुन्या लोकांनी पैसे दिले होते ब्रिटिश कंपनीला. ते पैसे संपले होते. नवे कन्सोल बनवायला नवे पैसे लागणार, आणि ते देणार कोण? नवीन गिऱ्हाइकं. मग नव्याने पूर्ण किंमत देणाऱ्याला यंत्र लगेच मिळू लागलं, आणि त्या विक्रीतून उरेल त्यात जुन्यांची यंत्रं हळूहळू भागवायची, असा तोडगा निघाला. म्हणजे २००८ साली विश्वासाने पैसे देणारा अजून रांगेत, आणि काल आलेला माणूस खेळतोय. न्याय आहे का हा? नाही. पण नव्यांना विकलंच नसतं तर जुन्यांना काहीच मिळालं नसतं, हेही खरं. काही जुन्यांना उशिरा का होईना यंत्र मिळालं. काहींच्या हाती शेवटपर्यंत काही लागलं नाही.

उशिराची आणखी एक किंमत होती. २००८ मध्ये जे यंत्र पुढचं वाटत होतं, ते २०१० मध्ये मागे पडू लागलं होतं. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या गुगलच्या नेक्सस वन फोनमध्येच १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. इलेक्ट्रॉनिक्समधली वाट तुम्हालाच दमवत नाही, वस्तूलाही म्हातारी करते.

पाच डॉलरचा धडा

आता २०२१. कोविडनंतर जगभर चिपची टंचाई. या वर्षी दोन हँडहेल्ड कन्सोलचं बुकिंग उघडलं, आणि दोन्हीकडे उशीर झाला.

१६ जुलैला व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेकचं बुकिंग घेतलं. किंमत ३९९ डॉलरपासून पुढे, पण बुकिंगला फक्त ५ डॉलर. म्हणजे पावणेचारशेच्या आसपास रुपये. पहिले दोन दिवस जुन्या खात्यांनाच रांगेत शिरता येत होतं, म्हणजे ऑनने विकणाऱ्यांना चाप. भारत त्या यादीत नव्हताच, ते सोडा. डिसेंबरची तारीख होती. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितलं, सुटे भाग मिळत नाहीत, उशीर होईल. किती? दोन महिने! पॅन्डोरावाल्यांना ठसका लागला असेल. पण या वेळी दोन महिने म्हणजे खरंच दोन महिने निघाले. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी पहिले कन्सोल निघाले. मेल आल्यावर ७२ तासांत उरलेले पैसे भरायचे, नाहीतर नंबर पुढच्याला.

दुसरा कन्सोल प्लेडेट. अमेरिकेतल्या पॅनिक या छोट्या कंपनीचा, काळा-पांढरा स्क्रीन आणि बाजूला फिरवायचा दांडा असलेला. २९ जुलै २०२१ ला बुकिंग उघडलं आणि पहिले २०,००० नग वीस मिनिटांत संपले. पुढे पहिले ५,००० तयार झाल्यावर लक्षात आलं की बॅटऱ्यांमध्ये दोष आहे. कंपनीने सगळे कन्सोल मलेशियातल्या कारखान्यात परत पाठवून बॅटऱ्या बदलायला लावल्या, आणि हे सगळं लोकांना सविस्तर सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये प्लेडेट पोचायला लागले.

तिन्ही गोष्टींत उशीर झाला. फरक पडला तो एका प्रश्नाने: उशिराचा भार कुणाच्या खांद्यावर? व्हॉल्व्हकडे स्वतःचे पैसे होते, म्हणून ५ डॉलरवर भागलं. पॅन्डोरावाल्यांकडे स्वप्न होतं आणि लोकांचा विश्वास. सगळा भार त्या विश्वासावर पडला.

म्हणून मग असं कधी आगाऊ पैसे देऊच नयेत का? मला तसं वाटत नाही. त्या काही हजार लोकांनी पैसे दिले नसते तर पॅन्डोरा जन्मालाच आला नसता. कीबोर्डवाला, कुणाचीही परवानगी न मागणारा, खिशातला कॉम्प्युटर मोठ्या कंपन्या बनवणार नव्हत्या. काही वस्तू फक्त अशाच बनतात. पण पैसे देण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. वस्तू बनलीये, की अजून बनायचीये? मी पूर्ण रक्कम देतोय, की फक्त नंबर लावतोय? आणि उद्या हे बुडालं, तर पैसे परत मागायला माझ्याकडे दार आहे का?

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तरी पैसे द्या हवं तर. फक्त ती खरेदी समजू नका. तुम्ही कुणालातरी उसने देताय. आणि उसने देताना आपली आजी काय सांगायची? परत आले नाहीत तरी झोप लागेल, तेवढेच द्यायचे.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात चेतकच्या नंबरची गोष्ट असेल तर ती नक्की कळवा, आणि शक्य असेल तर आजोबांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, पुढचा भाग पुढच्याच आठवड्यात येईल. दोन महिन्यांनी नाही!