यादीतील एक सायकल

गेल्या वैशाखात फोंडा तालुक्यातील आमच्या आजोबांच्या घराचे वाटप करण्याचे ठरले आणि घरात वकील एकच असल्यामुळे चीजवस्तूंची यादी करण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. समया, तांब्याची भांडी, शिसवी पलंग असे करीत आम्ही माळ्यावर पोहोचलो. तेथे पोत्यांखाली वीस इंची चाकांची एक लहान सायकल निघाली. यादी लिहून घेणाऱ्या पुतण्याने न विचारताच नोंद केली, 'जुनी सायकल, भंगार, नग एक, किंमत शून्य.' परक्यांच्या घरी आम्हीही अशाच नोंदी करवीत आलो आहोत. या वेळी मात्र त्याला थांबविले.

धूळ पुसताच नळीवर 'मेड इन तैवान' ही अक्षरे उमटली आणि हँडलपुढची पिवळी पाटी दिसली. बीएमएक्स म्हणतात ती हीच. 'बी' बायसिकलचा, 'एम' मोटोचा आणि 'एक्स' म्हणजे क्रॉस या शब्दाऐवजी घातलेली फुली. मातीच्या उंचसखल वाटेवरील मोटारसायकलींच्या शर्यतींना मोटोक्रॉस म्हणतात. त्यांची पायडलांवर केलेली नक्कल ती बीएमएक्स.

कारखानदाराने वस्तू काढावी आणि पोरांनी ती मागावी, हा बाजाराचा नेहमीचा क्रम होय. येथे तो उलटा दिसतो. कॅलिफोर्नियातील मुले लहान चाकांच्या सायकलींना उंच हँडल व लांबट बैठक बसवून घेतात, हे कानी आल्यावर शिकागोच्या श्विन कंपनीतील अल फ्रिट्झ यांनी 1963 साली 'स्टिंग-रे' ही सायकल बाजारात आणली. पोरांना तेवढ्याने समाधान कोठले! त्यांनी तिचे मडगार्ड व इतर शोभेचे सामान काढून टाकले आणि ती ओसाड जागांच्या ढिगाऱ्यांवर नेली. 14 नोव्हेंबर 1970 रोजी लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या मुलाने अशा स्वारांची शर्यत भरविली. प्रवेशमूल्य पंचवीस सेंट, आणि बक्षिसे म्हणजे मोटारसायकल शर्यतींत त्याने स्वतः मिळविलेली चषके. या संयोजकाचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. नियम करावे, वर्गणी घ्यावी आणि पदरचे बक्षीस द्यावे, एवढे आमच्या कित्येक मंडळांच्या कार्यकारिणीस पन्नाशीतही साधत नाही. असो.

1971 साली ब्रूस ब्राऊन यांच्या 'ऑन एनी संडे' या मोटारसायकलींवरील चित्रपटाच्या आरंभीच अशी मुले दिसली आणि हे वेड देशभर पसरले. उड्यांनी आऱ्यांची चाके मोडत. त्यावर उपाय म्हणून स्किप हेस यांनी 1974 च्या सुमारास ओतीव धातूचे चाक काढले व त्यातून 'मंगूस' हा कारखाना उभा राहिला. पुढे उत्पादन तैवानकडे वळले. 2008 साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीस स्थान मिळाले.

ती तैवानी सायकल आमच्या माळ्यावर आली ती कुवेतमार्गे. आमचे धाकटे काका तेथे एका कचेरीत हिशेबनीस होते. 1989 च्या चतुर्थीला रजेवर येताना ती खोक्यात बांधून, मुंबईहून बसच्या टपावर घालून त्यांनी आणली. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. भात कापून झालेल्या शेताच्या बांधांवरून ती आम्ही किती उडविली आणि किती वेळा गुडघे फोडले, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नाही. पुढच्याच वर्षी, 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत व्यापले. लाखाहून अधिक भारतीय अम्मानपर्यंत खडतर प्रवास करून तेथून एअर इंडियाच्या विमानांनी परतले. त्यांत काका होते. हाती एक पिशवी. अकरा वर्षांची बचत, भाड्याचे घर, घरातील सामान सारे तेथेच राहिले. पुढे त्यांनी फोंड्यात दुकान घातले आणि कुवेतचे नाव फारसे काढले नाही. त्या अकरा वर्षांच्या कमाईतून या घरात उभी असलेली वस्तू ही एवढीच, हे आमच्या ध्यानी यावयास पस्तीस वर्षे लागली.

आता ती रंगवून चकचकीत करावी, असा घरच्यांचा आग्रह. जुन्या बीएमएक्स जमविणारे लोक मात्र मूळ रंग व मूळ चिठ्ठ्या जपतात. पोचा आला असला तरी चालेल, पण नवा मुलामा नको, हा त्यांचा दंडक. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव लाकडी खांब उतरवून फरशी चढविलेली मंदिरे पाहिलेल्या आम्हांस तो पटला. आम्ही फक्त गंज काढून साखळीस तेल दिले.

यादीतील नोंद आम्ही खोडली. किंमत चुकली एवढ्यासाठीच नव्हे. ती वस्तू हवाली करून दिलेली भेट होती, तेव्हा आजोबांच्या मिळकतीत ती धरताच येत नाही. सह्यांच्या दिवशी हे सांगताच बाकीचे वारस हसले. ऐंशीच्या घरातले काका तेवढे उठून ओसरीवर गेले, सायकलीचे पुढचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, "हाचे टायर अजून मेळटात रे?"

मिळतात, असे आम्ही सांगितले. वीस इंची टायर फोंड्याच्या बाजारातही आहे.