हळद, कुंकू आणि कर्व्ह

लग्नाचे फोटो संगणकावर उजळणाऱ्या शिरूर-दौंडकडच्या तरुणाला हे काम आपल्याच पिढीचं वाटतं. पण त्याची गरज कॅमेऱ्याबरोबरच आली.

1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळातल्या ओल्या काचेच्या प्लेटला मुख्यतः निळा-जांभळा उजेडच कळत असे. त्यामुळे हळदीचं अंग काळवंडायचं, कुंकू काळं पडायचं आणि निळं लुगडं जवळपास पांढरं दिसायचं. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्लेटला रंगद्रव्याची जोड दिली आणि तिला हिरवा-पिवळा उजेड कळू लागला. लाल रंगही टिपणाऱ्या प्लेटा बाजारात यायला 1906 साल उजाडलं.

कॅमेऱ्यानं गिळलेले रंग परत आणायचे, तर हात चित्रकाराचाच हवा. म्हणून आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये फोटोग्राफरशेजारी रंगारीही बसू लागला. गुळगुळीत कागदावर रंग धरत नाही, त्यामुळे छाप मॅट कागदावर घ्यायचा. कापसाच्या बोळ्यानं गालावर पातळ रंग फिरवायचा आणि बारीक ब्रशनं कुंकू, साडीचे काठ, नथीचे मोती भरायचे. त्याआधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चाले. निगेटिव्हवर पेन्सिल लागली, की छापात तेवढी जागा उजळते. देवीचे व्रण झाकण्यासाठी ही युक्ती उत्तमच, पण तिनंच अख्खा चेहरा गोरा करण्याची सवय लावली. ही सवय वाईट होती, कारण शेतात राबलेल्या माणसाचा खरा वर्ण त्याच्याच घरच्या भिंतीवरून पुसला गेला.

रंगीत फिल्म आली आणि तालुक्याच्या गावचे रोल धुवायला शहराकडे जाऊ लागले. लॅबमध्ये छापाचा तोल पिवळा, मॅजेन्टा आणि निळसर फिल्टरनी साधत. तो तोल बसवायला कोडॅकचं नमुनाचित्र वापरलं जाई आणि त्यावर वर्षानुवर्षं गोरी परदेशी तरुणीच असे. गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांना त्या मापात बसवण्याचा हट्ट रसायनांतही होता.

टॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांचं फोटोशॉप अ‍ॅडोबीनं 1990 मध्ये बाजारात आणलं. मूळ चित्राला धक्का न लावता रंग बदलू देणारे अ‍ॅडजस्टमेंट लेअर 1996 च्या चौथ्या आवृत्तीत आले, आणि जुन्या रंगाऱ्याला कधी न मिळालेली सोय मिळाली : चुकलं तर मागे फिरता येतं. तिचा खरा कस मांडवात लागतो. भर दुपारी लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे भगवे करतो. कर्व्हमध्ये, म्हणजे रंगांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या आलेखात, लाल रेषा सरसकट खाली ओढली, की चेहरे सुधारतात, पण नवरीचा शालू विटतो आणि हळदीचा पिवळाही बिघडतो. म्हणून जाणकार माणूस आधी मास्क करून चेहरे वेगळे काढतो. घाईच्या कामात तेवढा वेळ कोण देतो? वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर सगळे कार्यकर्ते एकाच गुलाबी रंगाचे होऊन येतात.

आता रंग भरण्याचं काम यंत्रच करू लागलं आहे. 2018 मध्ये आलेल्या डीओल्डिफायसारख्या प्रणाली लाखो चित्रं पाहून कृष्णधवल फोटोत कुठे कोणता रंग असावा याचा अंदाज बांधतात. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे फोटो कृष्णधवलच आहेत. 1882 मध्ये पती वारल्यानंतरचं त्यांचं पांढरं लुगडं आणि कापलेले केस हा त्यांच्या चरित्राचाच भाग आहे. यंत्राला हे चरित्र ठाऊक नसतं. करड्या छटेवरून ते त्या लुगड्याला फिकट निळा रंगही देऊ शकतं. मग फोटो दुरुस्त करणाऱ्यानं पुन्हा मास्क करायचा, लुगड्यापुरतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्याजवळ आणायचं आणि चेहऱ्याचा रंग गोरेपणाकडे सरकला आहे का, हे वेगळं तपासायचं.