सावदा: गॅझेटियरमधला एक परिच्छेद, तीनदा वाचलेला

गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपण आधीच ठरवून टाकतो. माझं होतं, "सावदा हे पूर्वापार केळीचं गाव." रावेर तालुक्यात आज चहूकडे केळीच दिसते, म्हणून शंकाही आली नाही. मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "पूर्वापार म्हणजे कधीपासून?" मी गप्प!

मग १९०८ च्या सुमाराचं इंपीरियल गॅझेटियर काढलं. सावद्यावर जेमतेम एक परिच्छेद. तो तीनदा वाचला.

पहिल्यांदा व्यापारासाठी. तिथे कापूस, हरभरा, जवस, गहू आहे. आठवडी बाजारात निमाड-वऱ्हाडची चांगली गुरं येतात. केळीचं नावच नाही! याचा अर्थ तेव्हा केळी लावतच नव्हते असा नाही. पण सरकारी नोंदीत यावा इतका तिचा व्यापार दिसत नाही. माझं 'पूर्वापार' तिथेच गळालं. रेल्वे मात्र तेव्हाच आलेली होती. पुढे याच मार्गाने केळी उत्तरेत जाऊ लागली.

दुसऱ्यांदा सत्तेसाठी. १७६३ मध्ये निजामाकडून सावदा पेशव्यांकडे आलं आणि लवकरच सरदार रास्त्यांना मिळालं. कारण काय, तर रास्त्यांची मुलगी पेशव्यांना दिलेली. इथे थांबा. रास्त्यांच्या गोपिकाबाई या नानासाहेबांच्या पत्नी, आणि नानासाहेब वारले १७६१ मध्ये. १७६३ ला गादीवर त्यांचे चिरंजीव माधवराव होते. म्हणजे गाव गेलं ते सासुरवाडीला नव्हे, आजोळी. वाक्य छापील असलं तरी सनावळीवर घासून बघायचं.

तिसऱ्यांदा माणसांसाठी. १८५२ मध्ये जमीनमोजणी सुरू झाली. मोजणी म्हणजे सारा वाढणार, ही शेतकऱ्यांची धास्ती. सावद्यात १० ते १५ हजार लोक जमले. पायदळाची तुकडी येऊन तिने म्होरक्यांना पकडलं, तेव्हा ते पांगले. आता आकडा पडताळू. त्यानंतर जवळपास ५० वर्षांनी, १९०१ च्या जनगणनेत, गावाची लोकसंख्या होती ८,७२०. म्हणजे आकडा खरा असेल, तर हा जमाव एकट्या सावद्याचा असणं अवघड. आजूबाजूची खेडी त्यात असणारच. ती कोणती, हा झाला संशोधनाचा प्रश्न. आणि या लोकांना गॅझेटियर 'असंतुष्ट' म्हणतं. तो शब्द सरकारचा आहे, आपण तो जसाच्या तसा उचलायचा नाही.

शेजारच्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन झालं. १८५२ पासून तिथपर्यंत 'लढाऊ स्वभावाची' सरळ रेघ ओढायचा मोह मलाही झाला. पण मी मूळचा सायन्सचा. दोन बिंदूंमधून सरळ रेघ जातेच, त्याने काही सिद्ध होत नाही. मधली ८४ वर्षं भरायला कागद लागतात.

माझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आता असं आहे: "सावदा केळीचं गाव झालं." 'आहे'चं 'झालं' करायला दोन महिने गेले, पण पुढचं सगळं संशोधन त्या 'झालं'मध्येच आहे.

तुमच्या गावावरचा असा परिच्छेद शोधा, आणि त्यात काय नाही ते आधी लिहून काढा.