आठवड्यातून एकदा येणारे घर

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले आणि ऑक्टोबरमध्ये सतीश शाह. एक गुंड्याभाऊ म्हणून लोकांच्या लक्षात राहिलेला, दुसरा ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये दर आठवड्याला नवे सोंग घेऊन येणारा. दोन्ही वेळी आसपास जे बोलले गेले त्यात एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू आले: तेव्हाच्या मालिकांतली घरे साधी होती, कारण तेव्हाची माणसेच साधी होती. श्रद्धांजलीच्या प्रसंगी असल्या वाक्याची कुणी उलटतपासणी करत नाही, आणि करूही नये. पण मराठी विनोदाचा इतिहास वर्गात शिकवणाऱ्या माणसाला ते वाक्य दिवसेंदिवस टोचत राहते. पुढच्या महिन्यात चि. वि. जोशी शिकवायला घ्यायचे होते म्हणूनही असेल, मी ते जरा उलगडून पाहायचे ठरवले.

सुरुवात अर्थातच ‘चिमणराव’पासून. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७७ मध्ये त्यावर विजया जोगळेकर-धुमाळे यांची ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र कृष्णधवल, पण आठवण सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते आज रंगीत असावे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. ज्या घरावर १९७७ चा प्रेक्षक लुब्ध झाला, ते घर १९७७ चे नव्हतेच. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ प्रसिद्ध झाले १९३३ मध्ये. चि. वि. १९६३ मध्ये निवर्तले, म्हणजे मुंबईचे केंद्र सुरू होण्याच्या नऊ वर्षे आधी. बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने कल्पिलेले हे पुणेरी बिऱ्हाड, त्यातली काऊ, मोरू, मैना ही मंडळी, आणीबाणी नुकतीच संपलेल्या महाराष्ट्रासमोर आली तेव्हा ती पन्नाशीच्या घरात पोहोचली होती. तेव्हाचे आजी-आजोबा आपले तारुण्य आठवून हसत होते आणि नातवंडांना ते तारुण्य प्रथमच दिसत होते. आज जे त्या मालिकेविषयी हळवे होतात, त्यांना एका जुन्या हळवेपणाचीच आठवण येत असते. स्मरणरंजनाला अशी चळत असते. एकाखाली एक, तळ लवकर लागत नाही.

दुसरी गोष्ट भूगोलाची. ‘सारा महाराष्ट्र चिमणराव पाहत होता’ हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की ते खरे असणारच असे वाटते. १९७७ मध्ये मुंबईचे प्रक्षेपण मुंबई आणि भोवतालच्या परिसरात दिसे, आणि सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश यांना त्याचा पत्ताही नव्हता. माझी आई पुण्याची. १९७८ मध्ये लग्न होऊन ती परभणीला आली आणि तिचे चिमणराव तिथेच थांबले. पुढचे भाग पुण्याहून येणाऱ्या मावशीच्या पत्रांतून तिला कळत. आमच्या गावात दूरचित्रवाणी आली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा. आणि सुरुवातीला त्यावरून यायचा तो मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. म्हणजे परभणीच्या मुलाने पडद्यावर पाहिलेले पहिले विनोदी कुटुंब मराठी नव्हते, हिंदी होते. महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागाचे असेच झाले असले पाहिजे. ‘आपल्या सर्वांच्या’ आठवणी लिहिताना मुंबई-पुण्याकडची मंडळी हे विसरतात. त्यांचा दोष नाही, आठवणीला नकाशा जोडलेला नसतो.

ते हिंदी कुटुंब म्हणजे ‘ये जो है ज़िंदगी’तले वर्मा. वर्ष १९८४. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हमलोग’ सुरू झाली होती आणि प्रायोजित मालिकांचे युग उजाडले होते. या मालिकेचे प्रायोजक होते विको, म्हणजे पेंढरकरांची मराठी कंपनी, हा आपल्या बाजूने जोडण्याजोगा एक धागा. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, फरीदा जलाल, टिकू तलसानिया आणि दर भागात निराळा माणूस होऊन येणारे सतीश शाह. कुंदन शाह, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार यांचे दिग्दर्शन. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो लेखक : शरद जोशी. हिंदीतला हा मातब्बर व्यंग्यकार, आयुष्यभर वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून छोटे, टोकदार लेख लिहिणारा. मालिकेचा प्रत्येक भाग त्या लेखांच्याच चालीने चाले. एक क्षुल्लक गैरसमज, तो वाढत जातो, बाहेरचा कुणी येऊन तो आणखी वाढवतो, आणि दिलेली वेळ संपण्याआधी गाठ सुटते. पुढच्या आठवड्यात कोरी पाटी.

मग १९८८ मध्ये आले ‘वागले की दुनिया’. दिग्दर्शन पुन्हा कुंदन शाह यांचे, निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, आणि मूळ आर. के. लक्ष्मण. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ चौकड्यांचा कोट घालून १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर मुकाट उभा होता. व्यंगचित्रातला तो माणूस बोलत नाही, फक्त साक्षीला असतो. दूरचित्रवाणीवर असा मुका नायक चालणे अवघड. म्हणून त्याच्या शेजारपाजारचा वाटावा असा श्रीनिवास वागले आला, त्याला बायको-मुले आली, भीती आली, थोडीशी लबाडीही आली. म्हैसूरकडच्या तमिळ व्यंगचित्रकाराची कल्पना, आडनाव आपल्याकडचे, भाषा हिंदी, नायक अंजन श्रीवास्तव आणि राधिकेच्या भूमिकेत माणिक वर्मांची कन्या भारती आचरेकर. असे घर मुंबईतच जन्मू शकते. (याच मालिकेच्या एका भागात शाहरुख खान वागळ्यांना मोटारीची धडक देणारा तरुण म्हणून येऊन गेला, एवढेच आजच्या विद्यार्थ्यांना तिच्याविषयी ठाऊक असते. प्रसिद्धीची स्मृती ही अशी चालते.) वागळ्यांना आपण साधे म्हणतो. पण नीट पाहिले तर हा माणूस सतत घाबरलेला असतो : साहेबाला, शेजाऱ्याला, खर्चाला, लोक काय म्हणतील याला. भारती आचरेकरांच्या राधिकेची नजर त्या भीतीवर सतत असते आणि ती तिची कधी थट्टा करते, कधी झाकते. त्या घरातला विनोद साधेपणातून आला नव्हता. तो धास्तीतून आला होता. धास्तीच्या दिवसांनाच आपण आज निवांतपणा म्हणू लागलो आहोत.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका माझ्या स्वतःच्या तरुणपणातली. तिच्याविषयी मला तटस्थ राहता येईल असा दावा मी करत नाही. २००१ ते २००४ या काळात ती अल्फा मराठीवर (आजचे झी मराठी) होती. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबा दिलीप प्रभावळकर, शेखर राजन भिसे, श्यामला शुभांगी गोखले, शलाका रेशमा नाईक आणि शिऱ्या विकास कदम. चिमणराव झाले तेव्हा प्रभावळकर तेहतीस वर्षांचे होते. सत्तरीपारचे आबा झाले तेव्हा सत्तावन्न. चोवीस वर्षांच्या अंतराने एकाच नटाने मराठी मध्यमवर्गाचा घरधनी आणि त्याच घरातला म्हातारा, अशी दोन्ही टोके उभी केली. असे भाग्य एखाद्याच नटाच्या वाट्याला येते. आणि दोन्ही वेळा तो वेगळा. चिमणरावांत आवाज आणि देहबोली यांचा मोठा वाटा होता, आबांत जवळजवळ काहीच ‘केलेले’ दिसत नाही.

‘टिपरे’चे मूळ प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या सदरात आहे. नावाप्रमाणेच ती रोजनिशी. घरातली माणसे आपापली नोंद लिहितात, आणि तोच प्रसंग दुसऱ्याच्या वहीत भलताच निघतो. आता ‘चऱ्हाट’ आठवावे. तिथेही चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतात, आणि सांगताना आपण फजितीच सांगत आहोत याचा त्यांना पत्ता नसतो, चि. विं.चे सारे कौशल्य त्या गंभीर चेहऱ्यात आहे. म्हणजे मराठीतल्या दोन्ही लाडक्या कौटुंबिक मालिका प्रथमपुरुषी विनोदी गद्यातून निघाल्या. पडद्यावर जाताना त्यातला ‘मी’ गळाला आणि घर पुढे आले. चिमणरावांच्या बाबतीत यात थोडे नुकसान झाले असावे, कारण तिथे ‘मी’ हाच विनोदाचा झरा. ‘टिपरे’त मात्र फायदा झाला, अनेक वह्यांतले अनेक ‘मी’ एका खोलीत बसले आणि आपापले सत्य सांभाळत जेवले. शिऱ्याला बाप कळत नाही, बापाला शिऱ्या कळत नाही, आबांना दोघेही कळतात असे त्यांना वाटते. कुणी खलनायक नाही, पण कुणी पूर्ण बरोबरही नाही. शुभांगी गोखल्यांची श्यामला हे मला या मालिकेचे सर्वांत मोठे यश वाटते. काऊच्या भोळेपणावर घर हसे. श्यामला स्वतः हसते, आणि कधी कधी आपल्या हसण्यावर घर काय म्हणेल याची पर्वा करत नाही. चऱ्हाटापासून तिथवर येण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

तर या चारही घरांचा पाया छापील आहे. विनोदी कथा, हिंदी व्यंग्यलेख, व्यंगचित्र, सदर. ही घरे जीवनातून थेट पडद्यावर आली नाहीत. आधी कुणीतरी ती बसून लिहिली (किंवा काढली) होती, शब्द तोलून, दिलेल्या जागेत बसवून. तो ‘साधेपणा’ हा एक घडवलेला गुण होता, हे विसरले की आपण लेखकाचे श्रेय काळाला देऊन बसतो. शिवाय दुसरे साम्य आवर्तनाचे. सदराप्रमाणेच या मालिका आठवड्याने येत, आणि प्रत्येक भागाचा प्रसंग स्वतंत्र असे. वाचकाने मागचे सदर वाचलेले असलेच पाहिजे अशी अट सदरलेखक घालू शकत नाही. त्याला दर वेळी नव्याने हसवावे लागते. दैनंदिन मालिकांनी ही अट उलटी केली. ‘दामिनी’ने १९९७ मध्ये मराठीला दैनंदिन मालिकेची सवय लावली, जुलै २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाल्यावर तर तोच रिवाज झाला. रोज भाग हवा तर कथानक ताणले पाहिजे, ताणायचे तर कट हवा, रहस्य हवे, घरातच शत्रू हवा. गैरसमज बावीस मिनिटांत मिटला तर उद्या काय दाखवणार? माणसे बिघडली म्हणून घरे बिघडली असे नव्हे, वेळापत्रक बदलले. २०२१ मध्ये वागले परत आले ते रोजच्या मालिकेतून. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आता आजी-आजोबा, सुमीत राघवन त्यांचा मुलगा. ती मालिका मी आवडीने पाहिली, पण तिच्या कितीतरी कथा कसल्या ना कसल्या शिकवणुकीपाशी येऊन थांबत. जुन्या वागळ्यांना कुणाला काही शिकवण्याइतका आत्मविश्वासच नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. ही चारही घरे पांढरपेशा वस्तीतली आहेत. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि लालबाग-परळची हजारो घरे विस्कटली. १९८४ आणि १९८८ च्या आमच्या लाडक्या मालिकांत त्या घरांपैकी एकही नाही. तिथे विनोद नव्हता असे कोण म्हणेल? लोकनाट्याने आणि शाहिरांनी त्याच वस्त्यांत माणसांना हसवले आहे. पण छापील विनोदाचा मुख्य प्रवाह ज्या थरातून वाहिला, त्याच थरातून दूरचित्रवाणीने आपले कुटुंब निवडले. माझ्या वर्गातले बरेचसे विद्यार्थी शेतकऱ्यांची मुले आहेत. त्यांना ‘टिपरे’चा भाग दाखवला तर ती मनमुराद हसतात, आणि मग एखादा विचारतो, ‘मॅडम, पण हे लोक दिवसभर काय करतात?’ हा प्रश्न मला अद्याप नीट झेपलेला नाही. त्यावर स्मरणरंजनाकडे उत्तर नाही, समीक्षेकडे असायला हवे. पण आपल्या वाङ्मयेतिहासांनी मालिकालेखनाला फारशी जागाच दिलेली नाही. नाटकाची संहिता छापली जाते, एकांकिकेची छापली जाते, मालिकेची बहुधा निर्मात्याच्या कपाटात संपते.

आणि कधी कधी चित्रफीतही संपते. त्या काळी फिती महाग असत, आणि एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुसून त्यावरच दुसरा मुद्रित करण्याची पद्धत जशी बीबीसीत होती तशी दूरदर्शनमध्येही होती. चिमणरावांचे फार थोडे भाग आज पाहायला मिळतात. बाकीचे चिमणराव ज्यांनी पाहिले त्यांच्या डोक्यात आहेत, आणि ही डोकी आता सत्तरीत आहेत.

या तयारीत मी आईला तिला आठवणारा एखादा भाग सांगायला सांगितले. तिने एक सबंध प्रसंग सांगितला, आवाज काढून, मध्ये स्वतःच हसत. प्रसंगाच्या शेवटी चिमणराव घरातल्या घरात छत्री उघडून उभे राहतात आणि गुंड्याभाऊ काही न बोलता त्या छत्रीखाली जाऊन उभा राहतो, असे ती म्हणाली. माझ्याजवळच्या चि. विं.च्या पुस्तकांत मी तो प्रसंग शोधला. पहिला भाग एका कथेत बऱ्यापैकी जुळतो. छत्री मात्र कुठेही नाही. ती मालिकेत घातलेली असेल, मावशीच्या एखाद्या पत्रात आलेली असेल, नाहीतर परभणीला आल्यावर, पुढचे भाग दिसेनासे झाल्यावर, आईने स्वतःच मनाने पुरी केलेली असेल. मी तिला विचारले तर ती म्हणाली, ‘अगं, मी पाहिलंय ना.’