नव्या नाकाचे पथ्य : पुणे ते मनामा

चेहऱ्याचा हरवलेला भाग पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेची सर्वांत जुनी सविस्तर कृती सुश्रुतसंहितेत आहे. रुग्णाच्या जेवणाचे नियमही त्याच ग्रंथात आहेत. शस्त्रकर्माआधी रुग्णाला मनाजोगते जेवू घालावे आणि मद्य घेणारा, वेदना न सोसणारा असेल तर त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे त्यातला सूत्रस्थान हा विभाग सांगतो. पोटात अन्न असले की मूर्च्छा येत नाही आणि मद्याच्या अमलात शस्त्र कळत नाही, हे त्याचे कारण. मूळव्याध, भगंदर, मुतखडा, उदररोग, मुखरोग आणि मूढगर्भ (अडलेले बाळंतपण) यांत मात्र रुग्ण उपाशीपोटी हवा. भूल नसलेल्या काळात हा विचार चोख होता.

नाकासाठी सुश्रुत गालाची त्वचा पानाच्या मापाने उचलतो. रुग्णाला तूप पाजावे आणि स्निग्ध झाल्यावर रेचक द्यावे, हा त्या कृतीचाच भाग आहे. जखम असलेल्या रुग्णाला नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, वाल, गूळ, पिठाचे पदार्थ, दही, दूध आणि आंबट-खारट-तिखट वर्ज्य. जुना तांदूळ, तूप, मुगाचे कढण, जांगल प्राण्यांचे मांस, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, पडवळ, कारले, डाळिंब आणि आवळा हितकर. या हितकर यादीत कोवळे वांगेही आहे. टाक्यांना पू धरेल म्हणून वांगे बंद करणाऱ्या मराठी घरांना निदान सुश्रुताचा आधार घेता येणार नाही.

ही कला महाराष्ट्रात जिवंत होती याचा पुरावा पुण्याचा आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले हे डॉक्टर तेव्हा हजर होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिगत छापली. चार दिवस काताचा लेप, मग तुपात भिजवलेली फडकी, पाच-सहा दिवस उताणे निजणे, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास त्वचेचा जोड तोडणे, असा सगळा क्रम तिच्यात आहे. रुग्णाने काय खाल्ले याचा मात्र उल्लेखही नाही. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. युरोपात कृती पोहोचली, पथ्य पोहोचले नाही.

नोव्हेंबर 1847 मध्ये जेम्स यंग सिम्पसनने एडिंबरोत भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरात आणले आणि जेवणाचा नियम उलटा झाला. भुलीत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता. तरी 1883 मध्ये जोसेफ लिस्टर या सर्जनचा सल्ला मवाळ होता : पोटात घन अन्न नको, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा दिलेला चांगला. पुढे 1946 मध्ये कर्टिस मेंडेलसन याने न्यूयॉर्कमधल्या 44,016 गरोदरपणांतून अशा 66 घटना नोंदवल्या. त्यानंतर ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा दंडक जगभर पक्का झाला. तो गरजेपेक्षा कडक होता.

आता दुसरे शहर, बहरीन बेटाची राजधानी मनामा. तिथे आधुनिक शस्त्रक्रिया आली ती अमेरिकी मिशनबरोबर. 1903 मध्ये उघडलेले मेसन मेमोरियल हॉस्पिटल हे आजच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलचे मूळ. बेटाचा संसार तेव्हा मोत्यांवर चाले. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने पाणबुडे गलबतांवर असत. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी, दिवसभर बुड्या, मुख्य जेवण रात्री भात आणि मासळी. तांदूळ हिंदुस्थानातून येई, ताजी भाजी आणि फळे गलबतावर जवळपास नसतच. हंगामाच्या शेवटी स्कर्व्ही दिसे : हिरड्यांतून रक्त येई, जखमा भरत नसत.

त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या भाषेत नीट मांडले जॉन क्रँडन या बॉस्टनच्या तरुण सर्जनने. 1939 मध्ये त्याने स्वतःच्या आहारातून क जीवनसत्त्व काढून टाकले. तीन महिन्यांनी पाठीवर घेतलेला छेद नेहमीसारखा भरला, सहा महिन्यांनी घेतलेला भरला नाही. जीवनसत्त्व शिरेतून दिल्यावर तोही भरू लागला. त्वचेला ताकद देणारे कोलॅजन या जीवनसत्त्वाशिवाय नीट बनत नाही. सुश्रुताच्या यादीतल्या आवळ्याकडे यानंतर वेगळ्या नजरेने पाहावे लागते, मात्र दूध-दह्याची त्याची बंदी आजच्या प्रथिनांच्या हिशेबात टिकत नाही.

आज मनामात कॉस्मेटिक सर्जरी ही खासगी रुग्णालयांतली रोजची गोष्ट आहे आणि तिच्या सूचना जगात इतरत्र असतात तशाच असतात. घन अन्न साधारण सहा तास आधी बंद, पाणी किंवा दूध न घातलेला चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. म्हणजे लिस्टरचा कप परत आला. रक्तस्राव वाढू नये म्हणून लसणाच्या, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आधीच थांबवतात. शस्त्रक्रियेनंतर अंडी, मासळी, डाळ, दही अशी प्रथिने वाढवतात, सूज कमी राहावी म्हणून मीठ आवरते ठेवतात. चेहरा ताणून बसवला असेल तर पहिले काही दिवस मऊ खाणे : मराठी घरात मुगाची खिचडी सहज होते, मजबूस या बहरीनच्या मसालेदार भाताला थोडे थांबावे लागते. रमजानात आजाऱ्याला रोजातून सूट आहे आणि सुटलेले रोजे पुढे पुरे करता येतात. त्यामुळे उपासासाठी औषध किंवा पाणी चुकवण्याचे कारण उरत नाही.

एक गोष्ट खास बहरीनची. तिथे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि 2004 च्या कायद्याने लग्नाआधीची तपासणी सक्तीची झाली आहे. शरीरातले पाणी कमी झाले की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून अशा रुग्णाला शस्त्रक्रियेआधी फार वेळ तहानलेले ठेवत नाहीत. तोंडाने पाणी देता येत नसेल तेव्हा ते सलाईनने देतात.